मुद्रिताचें पान आणि एक गणिती

यंत्र आधीं, सौंदर्य मागाहून, अशी सामान्य समजूत आहे. यंत्रानें काम करावें. वाटल्यास पुढें त्यावर वेलबुट्टी काढावी. संगणकावर कलेचा परिणाम म्हणजे पडद्यावरील रंगीत चित्रें, यापलीकडे सहसा कोणी जात नाहीं. आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. गणिताशीं आमचा स्नेह बेताचाच. तथापि डोनाल्ड कनूथ या अमेरिकन गणित्याची हकीकत वाचल्यापासून ही समजूत आम्हांस सोडून द्यावी लागली आहे.

कनूथ हे स्टॅनफर्ड विद्यापीठांतील निवृत्त प्राध्यापक. संगणकासाठीं आज्ञावली रचणें ही कलाच होय, असें मानून त्यांनीं आपल्या मोठ्या ग्रंथाच्या नांवांतच 'कला' हा शब्द घातला. त्याचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७३ या काळांत शिशाच्या खिळ्यांच्या जुळणीनें निघाले. १९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें त्यांच्या हातीं आलीं. प्रकाशकानें आतां छायाचित्रणाच्या तंत्रानें होणारी नवी जुळणी स्वीकारली होती. पान पाहवेना! दुसरा एखादा ग्रंथकार हळहळून गप्प बसला असता. (निर्णयसागराच्या पोथ्या हाताळलेल्या वाचकास ही हळहळ सहज समजेल.) कनूथांनीं लेखनच बाजूला ठेविलें. कागदावरील अक्षर म्हणजे कोठें शाई आहे व कोठें नाहीं एवढेंच. तेव्हां हें काम शून्य आणि एक यांचें, म्हणजे आपलेंच, असें त्यांनीं ठरविलें.

परंतु सुंदर म्हणजे काय, हें यंत्रास सांगावें कसें? तोंवर यंत्र एक ओळ भरली कीं ती सोडून पुढच्या ओळीकडे वळे. कसलेला जुळारी असें करीत नाहीं. पुढची ओळ फार विरळ होणार असें दिसलें, तर तो मागची थोडी सैल सोडतो. कनूथ व त्यांचे शिष्य मायकेल प्लास यांनीं ही जुळाऱ्याची नजर गणितांत आणिली. शब्दांमधील जागा किती ताणली वा दाबली, त्यावरून प्रत्येक ओळीची कुरूपता मोजावयाची, आणि सबंध परिच्छेदाची मिळून कुरूपता कमींत कमी होईल तेथें ओळी तोडावयाच्या. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेली ही रीत संगणकशास्त्रांत मान्य झाली. आपल्याकडे लिपिसुधारणेच्या वादांत, यंत्राच्या सोयीसाठीं अक्षरांनीं हातपाय आंखडून घ्यावे, असा एक आग्रह होता. येथें अक्षरांच्या सोयीसाठीं यंत्रास नवें गणित शिकावें लागलें.

अक्षरांची वळणें काढतांना मात्र गणिताची त्रेधा उडाली. रोमन लिपींतील 'एस' हें अक्षर कांहीं केल्या समीकरणांत बसेना. सोळाव्या शतकांतील इटालियन अक्षरकारांनीं कंपासपट्टीनें काढलेल्या आकृत्या त्यांनीं धुंडाळल्या. पत्नीनें सुचविलें, "त्याला 'एस'चाच आकार कां देत नाहीं?" सल्ला बिनतोड होता, पण निरुपयोगी! अखेर लंबवर्तुळें जोडून तें अक्षर उतरलें.

१९८१ सालीं तो खंड स्वतःच्या 'टेक' या आज्ञावलीनें जुळून आला. ज्या ग्रीक शब्दावरून हें नांव घेतलें, त्याचा अर्थ कला असाहि होतो व कसब असाहि. परंतु पुस्तक उघडतांच कनूथ खट्टू झाले; अंकांचीं वळणें त्यांच्या डोळ्यांस खुपलीं. सूत्रें बिनचूक होतीं, हें खरें. पण सूत्रांचा निकाल डोळ्यानेंच दिला. मग हेर्मान त्साप्फ यांच्यासारख्या जातिवंत अक्षरकारांच्या सहवासांत शिकून त्यांनीं सगळीं अक्षरें पुन्हा घडविलीं.

वर्षभरांत उरकेल म्हणून हातीं घेतलेलें हें काम जवळजवळ दहा वर्षें चाललें. पुढें 'टेक' त्यांनीं सर्वांस विनामूल्य खुली केली, आणि जगांतील गणिताचे असंख्य निबंध तिच्यावर जुळूं लागले. एका पानाच्या रूपासाठीं एवढा ग्रंथ खोळंबावा काय, असें विचारणारे भेटतात. आम्हांस तो खोळंबा योग्य वाटतो. इतरहि कारणें असतील, पण ग्रंथाच्या चौथ्या खंडाचा पहिला भाग बाहेर पडण्यास २०११ साल उजाडलें.