एमसीआर चपलेची कुळकथा

एमसीआर चप्पल ही बधिर पायांसाठी बनवलेली चप्पल आहे. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. त्यात हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात; पाय पडला की ते दबते, उचलला की वर येते.

यवतमाळ आणि शेजारचे वर्धा-चंद्रपूर हा कापसाचा मुलूख. पऱ्हाटीचे धसकट आणि बाभळीचा काटा शेतात पावलोपावली. कुष्ठरोगात घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायाकडे जाणारी नस निकामी झाली, की काटा रुतलेलाही कळत नाही. याच पट्ट्यात मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला १९३६ साली, तर बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात १९४९ साली कुष्ठसेवा सुरू केली.

कुष्ठरोगाने पाय सडतो, हा समज तेव्हा पक्का होता. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी तो खोडून काढला. निरोगी माणसाचा पाय दुखला की तो लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो. लंगडणे हेच त्याचे संरक्षण. बधिर पाय लंगडत नाही. टाच उचलताना सगळा भार बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर येतो, आणि हजारो पावले तीच जागा चेचत राहतात. तळपायाचा व्रण बहुधा तिथेच पडतो. पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे ब्रँड यांच्या गटाने उंदरांच्या तळव्यांवर मध्यम दाब पुन्हा पुन्हा देऊन पाहिला, तेव्हाही आधी सूज आणि मग जखम झाली.

हा दाब डोळ्यांना दिसावा म्हणून ठशाची चटई वापरात आली. कॅनडातील हॅरिस आणि बीथ यांनी १९४७ च्या सुमारास ती रूढ केली. रबराच्या चटईवर कमी-अधिक उंचीच्या रेषा असतात, त्यांना शाई लावून वर कागद पसरतात. माणूस त्यावरून चालला की जिथे भार जास्त तिथे ठसा गडद. तो गडद डाग म्हणजे उद्याच्या जखमेची जागा. चप्पल बेतायची ती हा डाग फिका करण्यासाठी: आत मऊ एमसीआर, खाली काट्याला दाद न देणारा कडक तळ, मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. बधिर पायाला खिळ्याचा पत्ताच लागत नाही, म्हणून शेवटची अट सर्वांत मोलाची.

ठशाने दाब कळतो, पण पाऊल हलते कसे हे कळत नाही. त्यासाठी चालीचे मोजमाप करणारी प्रतिमाने आली. १९९६ चे मिलवॉकी आणि २००१ चे ऑक्सफर्ड प्रतिमान यांनी पाऊल हा एकसंध ठोकळा न मानता नडगी, टाच, पुढचा भाग आणि अंगठा असे तुकडे वेगळे मोजले. कातडीवर चिकटवलेल्या खुणा कॅमेरे टिपतात आणि प्रत्येक सांध्याचा कोन काढला जातो. कुष्ठरोगात नस निकामी होऊन लोंबणारे पाऊल उचलले जावे म्हणून स्नायूचा कंडरा हलवून बसवतात. त्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतरची चाल अशी तपासता येते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांनाही हेच दाबाचे गणित लागू पडते. पाऊल फार वाकडे झाले असेल, तर साधी एमसीआर चप्पल पुरत नाही. त्या पायाचा साचा घेऊन तळ घडवावा लागतो.