कायद्याच्या आधी गट आले : मानसिक आरोग्याचा इतिहास कुठे शोधायचा?



मानसिक आरोग्याच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की आपण आधी कायदे आणि सरकारी अहवाल काढतो. ते सहज मिळतात, तारखा पक्क्या असतात. पण नुसत्या त्यांवर विसंबलात तर कालक्रमच चुकतो. कसा, ते पुण्याच्या उदाहरणावरून बघू.

कायदे असे : १९१२ चा ‘इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्ट’, मग १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा (तो लागू व्हायला १९९३ उजाडलं) आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. या शेवटच्या कायद्याच्या कलम १९ ने रुग्णाचा समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. एवढंच वाचलंत तर तुम्ही लिहाल, ‘रुग्णालयाकडून समाजाकडे हा प्रवास २०१७ ला सुरू झाला.’

आता येरवड्याला या. २९ ऑगस्ट १९८६. कायदा अजून १९१२ चाच. मनोरुग्णालयाच्या आवारातच डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांचे गर्दच्या व्यसनावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. पुढे तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्याने येणाऱ्यांना हात देऊ लागली. त्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट झाला. कल्पना जुनीच होती. अमेरिकेत १९३५ पासून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हेच करत होतं.

१९९७ मध्ये, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. त्यांच्या घरातच हा आजार होता. संस्था धायरीला आहे, म्हणजे आमच्या वारज्याहून मुठा ओलांडली की पलीकडे. इथल्या स्वमदत गटांत रुग्ण आणि नातेवाईक एकमेकांशी बोलतात. औषध डॉक्टर देतातच, ते लागतंच. पण ‘आज अंथरुणातून उठवलंच नाही’ हे न लाजता सांगायला समोर तसंच भोगलेलं माणूस असलं, की फरक पडतो.

मग हे सगळं आपल्या साधनांत का दिसत नाही? कारण अशा गटात बोललेलं गटातच राहतं. त्या भरवशावरच माणसं तोंड उघडतात. रुग्णालयात दाखल झाल्याची नोंद असते; मंगळवारी कुणीतरी कुणाचं तासभर ऐकून घेतलं, याची नसते. तेव्हा नोंद नाही म्हणजे काम झालं नाही, असं समजू नका.

आणि म्हणून थेट रेकॉर्डर घेऊन गटात जाऊन बसूही नका. आधी उघड साधनं वाचा : संस्थापकांचं लेखन, वार्षिक अहवाल, वाणींच्या पुढाकाराने २००४ मध्ये आलेला ‘देवराई’ चित्रपट. मग नीतिशास्त्र समितीची मंजुरी, मग संस्थेची आणि प्रत्येक व्यक्तीची संमती. कुणी ‘नाही’ म्हणालं तर ते तिथेच थांबवा आणि प्रबंधात मर्यादा म्हणून लिहा. त्या माणसाचं बरं होणं आपल्या प्रकरणापेक्षा मोठं आहे.

तुमच्या गावात असा गट आहे का? त्याचं सुरू झाल्याचं वर्ष शोधा आणि कायद्यांच्या यादीशेजारी मांडून बघा.