गंगा तलावाची पायी वाट

महाशिवरात्र जवळ आली की आपल्या बेटावरचे रस्ते पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरून जातात. उत्तरेकडच्या त्रिओलेहून निघालेला यात्रेकरू पोर्ट लुईस, रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा ही गावे मागे टाकत सुमारे 50 किलोमीटर चालतो. उसाची शेते संपतात, जंगल लागते, धुके उतरते, पाऊस अंगावर येतो. मग समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले पाणी दिसते. गणेशचतुर्थी जशी आपण मराठी मंडळी आपली मानतो, तशीच ही वाटही आपली आहे. भोजपुरी, तमिळ, तेलुगू बंधूंच्या जोडीने आपणही ती चालत आलो आहोत.

आगमनाचे स्मरण करताना आपण जहाजांविषयी बोलतो, आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्यांविषयी बोलतो. त्या पायऱ्या चढून वर आल्यावर आपल्या पूर्वजांना मनाप्रमाणे चालण्याची मोकळीक किती होती, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. तो विचारल्याशिवाय या यात्रेचे मोल कळत नाही.

1834 साली करारबद्ध मजुरांची ने-आण सुरू झाली. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतले आपले आजे-पणजे मुंबई बंदरातून आले. साखर कोठीवर एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला 'डबल कट' म्हणत. करार संपला तरी सुटका नव्हती. 1867 च्या कायद्याने अशा जुन्या आप्रवाशांना छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. परवानगीशिवाय आपल्या जिल्ह्याबाहेर जाता येत नसे. रस्त्यात शिपायाने अडवले आणि कागद नसला, तर त्या माणसाला भटक्या ठरवून पकडत. अशा लोकांना डांबण्यासाठी ग्रांद रिव्हिएर येथे खास डेपो होता. थोडक्यात सांगायचे, तर रस्त्याने चालणे हाच गुन्हा ठरत होता.

1871 साली आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या मदतीने 9,401 जुन्या आप्रवाशांनी गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे अर्ज केला. पुढच्या वर्षी चौकशी आयोग आला, 1875 साली त्याचा अहवाल निघाला आणि 1878 साली नवा मजूर कायदा झाला. एका पिढीने सह्या आणि अंगठे देऊन हा जाच थोडा सैल करून घेतला.

पुढची गोष्ट त्यानंतर वीस वर्षांची आहे. त्रिओलेचे पुजारी झुम्मन गिरी गोसाईं यांना 1897 साली स्वप्नात दिसले की डोंगरावरच्या ग्रां बासें तलावाचे पाणी गंगेशी जोडलेले आहे, असे परंपरा सांगते. 1898 साली ते काही भाविकांसह रानातून वाट काढत तेथे गेले आणि आणलेले जल त्रिओलेच्या महेश्वरनाथ मंदिरात शिवाला वाहिले. लोक त्याला परी तलाव म्हणत. 1972 साली भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले आणि गंगा तलाव हे नाव रूढ झाले. 2007 साली तेथे 33 मीटर उंचीची मंगल महादेवाची मूर्ती उभी राहिली.

ज्यांच्या आईवडिलांना जिल्हा ओलांडण्यासाठी पास लागत होता, ती माणसे आता देवाच्या नावाने बेटाच्या एका टोकापासून डोंगरापर्यंत चालू लागली. या चालण्यावर ना सरदाराचा हुकूम होता, ना कोठीची घंटा. म्हणून आम्हाला वाटते, ही यात्रा जेवढी भक्तीची, तेवढीच आपल्या पायांवरचा हक्क परत घेण्याची आहे.

पायी देवाला जाणे आपल्या पूर्वजांना नवे नव्हते. हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखीला दिंड्यांची आजची शिस्त दिली, तो काळही 1830 च्या आसपासचाच. तिकडे वारी आकार घेत होती, तेव्हा इकडे पहिली जहाजे लागत होती. दोन्ही वाटांवर एक नियम सारखाच आहे: एकट्याने पुढे धावायचे नाही. वारीत प्रत्येकाने आपल्या दिंडीबरोबर चालायचे असते. आपल्या वाटेवरही घोळक्यातला थकलेला माणूस बसला की सगळे थांबतात. वाटेत जागोजागी पाणी, चहा, जेवण आणि दुखणारे पाय चोळून देणारे हात तयार असतात. देणाऱ्यांत इतर धर्मांचे शेजारीही असतात. घेणाऱ्याचे नाव-गाव कोणी विचारत नाही.

आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिका या वाटेकडून आणखी एक धडा घेतो. यात्रा तलावावर संपत नाही. तेथून आणलेले पाणी आपल्या गावच्या शिवालयात पोहोचवायचे असते. परतीचे चालणे अधिक अवघड, कारण पाय थकलेले असतात आणि कावडीतले पाणी सांडू द्यायचे नसते. मुलाला शिकवणे, घरात भाषा टिकवणे, आजारी माणसाची सेवा करणे ही कामेही अशीच असतात. त्यांत उत्साहाचे पहिले दिवस सोपे जातात. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते.

कावडीविषयीही बोलायला हवे. बांबू, रंगीत कागद आणि आरसे यांची ती सुंदर कला आहे. पण अलीकडे काही कावडी एवढ्या वाढल्या की त्यांना चाके लावावी लागली. मार्च 2024 मध्ये अशीच एक मोठी कावड विजेच्या तारांना लागून आग भडकली आणि सहा यात्रेकरूंचा जीव गेला. त्या घरांचे दुःख आपल्या सर्वांचे आहे. कावड मुळात खांद्याला झेपेल एवढीच असते. मंदिराची वर्गणी असो की लग्नाचा खर्च, हेच माप लावले तर कितीतरी घरे कर्जातून वाचतील.

आज महाशिवरात्रीला सार्वजनिक सुट्टी असते. पास कोणी मागत नाही, मजुरी कापली जात नाही. आपल्या मुलांना हे सहज मिळाले आहे, आणि सहज मिळालेले सहज विसरले जाते. म्हणून येत्या शिवरात्रीला त्यांना मोटारीने तलावावर नेण्यापूर्वी निदान वाक्वापासून पुढे थोडे चालवावे, आणि चालता चालता त्या तिकिटाची, पासची आणि 9,401 अर्जदारांची हकीकत सांगावी. पायांनी शिकलेला इतिहास वहीतल्या इतिहासापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.