कूळ, चाकरमानी आणि खोती गाव

रत्नागिरी जिल्ह्यातील खोती पद्धतीचा विचार आजवर प्रामुख्याने महसूल व कायदा या दोन अंगांनी झालेला आहे. त्याच जिल्ह्यातून मुंबईस झालेल्या स्थलांतराचा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी निराळा केला. जमिनीचा हक्क आणि गावाबाहेर जाणारी वाट हे दोन विषय परस्परांपासून अलग नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. या संबंधाचा पुरावा कायद्याच्या कलमांत जसा सापडतो, तसाच तो गावच्या बोलीतील रोजच्या शब्दांतही सापडतो.

प्रथम गावाची रचना पाहू. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी अरुंद आहे. वर जांभ्या दगडाचा कातळ, उतारावर वरकस जमीन आणि तळाशी भाताचे मळे अशी तिची सामान्य ठेवण असते. पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. परंतु कातळावर पाणी ठरत नाही. भाताचे क्षेत्र थोडे, आणि वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक यांसारखी पिके आळीपाळीने घ्यावयाची. भाताच्या रोपांसाठी राब भाजावा लागे व त्याकरिता झाडांचा टाळ तोडावा लागे. म्हणजे एक मळा कसण्यास त्याच्याभोवतीचा डोंगरही हाताशी असावा लागे. घरे एका ठिकाणी दाटीने नसून वाड्यावाड्यांनी विखुरलेली असत, आणि वाडी बहुधा जातीची असे. गडगे, पाणंदी आणि वहाळांवरचे साकव यांनी या वाड्या एकमेकींना जोडलेल्या असत.

या जमिनीवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नसे. जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. ‘खोत’ म्हणजे सामान्यतः मक्त्याने घेणारा. कोकणात मात्र गावाचा सारा सरकारात भरण्याची ही जबाबदारी वंशपरंपरेची झाली आणि मक्तेदाराचे वतनदारात रूपांतर झाले. खोतीतही वाटण्या होऊन तक्षीमदार निर्माण झाले. गावाची वहिवाट त्यांच्यापैकी एकेकाकडे पाळीने जाई. खोताच्या खाली निरनिराळ्या प्रतींची कुळे होती. धारेकरी ठरलेला धारा देई. दुपटकरी व दसपटकरी यांचे देणे त्यांच्या नावांतच सांगितलेले आहे. अर्धेल कूळ पिकाचा अर्धा भाग देई, तिर्धेल तिसरा. उभ्या पिकाची पाहणी करून खोताचा हिस्सा ठरविण्याच्या रीतीस अभावणी म्हणत. या हिश्श्याखेरीज कुळांकडून वेठही घेतली जाई.

इंग्रजी अंमलात या संबंधांना लेखी रूप आले. १८८० च्या खोती कायद्याने कुळांच्या प्रती निश्चित केल्या. ज्या कुळाने १८४५-४६ च्या महसुली वर्षापूर्वीपासून जमीन अखंड धारण केली असेल, त्यास कायमचे कूळ मानण्यात आले. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी विधिमंडळात खोतांची बाजू हिरिरीने मांडली होती. या कायद्यातील एक भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. खोताचा आणि धारेकऱ्याचा हक्क वारसाने चाले व त्याचे हस्तांतरही करता येई. कायमच्या कुळाचा हक्क वारसाने चाले. परंतु सामान्यतः खोताच्या संमतीवाचून तो विकता येत नसे. कुळाने जमिनीचा राजीनामा दिला की ती खोताच्या हाती जाई.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो? असा हक्क विकून पैसा उभा करता येत नाही आणि सोडून दिला तर पदरी काही पडत नाही. तो केवळ राखता येतो, आणि राखण्यासाठी कोणी तरी गावात राहून जमीन कसली पाहिजे व खोताचे देणे भागविले पाहिजे. उलटपक्षी, थोड्या भातावर सर्व कुटुंबाचे वर्ष निभत नसे. तेव्हा घरातील काहींनी जावयाचे आणि काहींनी राहावयाचे, हीच विभागणी उरली.

येथे ‘कूळ’ या शब्दाकडे लक्ष जाते. मराठीत या एकाच शब्दाने वंश अथवा घराणेही सांगितले जाते आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. ‘कुळाचार’ आणि ‘कुळकायदा’ या समासांतील पूर्वपद एकच आहे. वहीत एका पुरुषाचे नाव असले तरी जमीन कसणारे एकक घर होते, ही गोष्ट या शब्दाने टिपलेली आहे. एक भाऊ मुंबईस गेला तरी कूळ गावातच राही. एकट्या व्यक्तीच्या दृष्टीने जे स्थलांतर, ते घराच्या दृष्टीने श्रमविभाग होते.

बाहेर जाणाऱ्या वाटेची दिशाही भूगोलाने ठरविली. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या पश्चिमेस वाहून रुंद खाड्यांनी समुद्रास मिळतात. त्यामुळे दक्षिणोत्तर जाणाऱ्यास वारंवार तर ओलांडावी लागे. घाटावर जाण्यास कुंभार्ली व आंबा यांसारखे मोजके मार्ग होते. त्यामानाने बंदर गाठले की मुंबई जवळ. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर या बंदरांत आगबोट दूर उभी राही व उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. पावसाळ्यात बोटी बंद असत. खाडीपलीकडच्या गावापेक्षा गिरणगाव अधिक परिचयाचे, अशी स्थिती अनेक घरांची होती. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली; पुढे गिरणी कामगारांत रत्नागिरीकरांचा भरणा मोठा राहिला. सैन्य हा दुसरा मार्ग होता. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले सुभेदार रामजी सकपाळ त्याच मार्गाने गेले.

गेलेल्यास गावाने दिलेले नाव ‘चाकरमानी’. मुंबईत तो गिरणी कामगार, हमाल अथवा शिपाई असे. चाकरमानी तो गावाच्या दृष्टीने. हा शब्द माणसाचा धंदा सांगत नाही, त्याचे गावाशी असलेले नाते सांगतो. मुंबईत गावकीची खोली, गावाकडे मनीऑर्डर, शिमग्याला व गणपतीला घरी परतणे, हे सर्व त्या नात्याचे व्यवहार होत.

या व्यवस्थेवरील आघातही बाहेर गेलेल्यांच्या बळावरच झाला. कुलाबा जिल्ह्यात चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालू होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ज्या वाटेने कूळ मजुरीस जात होते, त्याच वाटेने ते हक्क मागण्यास गेले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली, आणि १९४८ च्या कुळकायद्यात झालेल्या सुधारणेनुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ मालक मानले जाऊ लागले.

हक्क पूर्ण झाल्यावर स्थलांतर थांबावयास हवे होते, असे कोणास वाटेल. ते थांबले नाही. कारण मळा तेवढाच राहिला आणि वाटेकरी वाढले. मोटारीचे रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि मुंबईचा प्रवास एका रात्रीचा झाला. तथापि २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली. पूर्वी घर गावात राहून माणूस जाई. आता घरच्या घर जाऊ लागले. सामाईक सात-बारावर अनेक नावे आणि कुलूप लागलेले घर हे दृश्य त्यातून निर्माण झाले. जमीन आता विकता येते. म्हणूनच नाणार येथे २०१७ नंतर आणि बारसू येथे २०२३ मध्ये प्रकल्पांच्या निमित्ताने झालेल्या संघर्षांत मुंबईस राहणाऱ्या वारसांच्या संमतीला महत्त्व आले.

या इतिहासातील एक बाजू मात्र कागदांत क्वचितच दिसते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे प्रमाण गेलेल्या पुरुषांचे मोजमाप आहे. तसेच राहिलेल्या स्त्रियांचेही आहे. राब भाजणे, तरवा लावणे, गडगा सावरणे, खोताच्या अथवा तलाठ्याच्या दारी जाणे ही कामे पुरुषाच्या गैरहजेरीत त्यांनीच केली. ‘अखंड धारणा’ ही जी कायद्याची अट, ती अशा घरांत प्रत्यक्षात पाळली ती त्यांनी. वहीवर नाव मात्र बहुधा मुंबईस गेलेल्याचे. १९९४ च्या महाराष्ट्राच्या व २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना समान वाटा मिळाला. शेतजमिनीच्या वारसनोंदीत तो कितपत उतरतो, हे गावोगावच्या फेरफारांवरून तपासता येईल. खोती गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने खोताच्या दप्तराइतकेच त्या फेरफारांकडेही वळणे आवश्यक आहे.