दुसऱ्या नावाची छाननी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला उपाध्यक्षपदासाठी जोडीदार निवडायचा असला, की आधी वकिलांची फळी कामाला लागते. इच्छुकांची अनेक वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं मागवली जातात. आजारपणाचे कागद, कर्जं, कोर्टकज्जे, जुनी भाषणं, नवऱ्याचा किंवा बायकोचा धंदा, जुन्या भानगडी, यातलं काही म्हणता काही सुटत नाही. हे सगळं इतकं रुळलंय, की वॉशिंग्टनच्या काळापासून चालत आलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात या छाननीचं वय जेमतेम पन्नास वर्षं. त्याआधी पावणेदोनशेहून अधिक वर्षं उपाध्यक्ष निवडला जाई तो निवडणूक जिंकायला कामाला येईल का, एवढ्याच हिशेबानं. आणि निवडणाराही बहुधा दुसराच कुणीतरी असे.

सुरुवातीला तर निवडायचा प्रश्नच नव्हता. १७८७च्या घटनेनुसार प्रत्येक निर्वाचक दोन नावांना मत देई. पहिला आला तो अध्यक्ष, दुसरा आला तो उपाध्यक्ष. म्हणजे देशातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस आपोआप त्या खुर्चीवर. पक्ष उभे राहिले आणि ही सोय अंगाशी आली. १७९६मध्ये जॉन ॲडम्स अध्यक्ष झाला, तर त्याचा प्रतिस्पर्धी जेफरसन उपाध्यक्ष. १८००मध्ये जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा ॲरन बर या दोघांना सारखीच ७३ मतं पडली. प्रतिनिधिगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे जेफरसन अध्यक्ष ठरला. १८०४च्या बाराव्या घटनादुरुस्तीनं दोन्ही पदांची मतं वेगळी केली. गोंधळ मिटला, पण पदाची पतही गेली. आता तिथे दुसरा उत्तम माणूस बसवायची गरज उरली नाही. चालून जाईल असा कुणीही पुरे होता.

मग पक्षाच्या अधिवेशनात पुढाऱ्यांची सौदेबाजी सुरू झाली. अध्यक्षपदाचा उमेदवार उत्तरेचा तर जोडीदार दक्षिणेचा, एक गट हरला तर त्याची समजूत घालायला दुसरी जागा त्याला. आपल्याकडे मंत्रिमंडळ बनवताना विभाग, जात आणि नाराज गट यांची गणितं मांडतात, तोच हा प्रकार. मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. ज्याला निवडायचं त्याला विचारावं, हीसुद्धा रीत नव्हती. १८४४मध्ये बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनानं न्यूयॉर्कचा सिनेटर सायलस राइट याला परस्पर उमेदवारी देऊन टाकली. मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू होऊन तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या राइटनं त्याच तारेवरून नकार कळवला. अधिवेशनाला त्या नव्या यंत्रावर विश्वास बसेना. खात्री करून घ्यायला माणसं धाडली गेली, आणि मग जॉर्ज डॅलस या दुसऱ्याच गृहस्थाच्या गळ्यात माळ पडली.

या बेफिकिरीची किंमत देशानं पुन्हापुन्हा मोजली. विल्यम हेन्री हॅरिसन १८४१मध्ये शपथ घेतल्यावर महिन्याभरात वारला. मतांसाठी सोबत घेतलेला जॉन टायलर हा मूळचा विरोधी गोटातला. तो अध्यक्ष झाला आणि त्याचं पक्षाशी इतकं वाजलं, की पक्षानं त्याला काढूनच टाकलं. लिंकनच्या दुसऱ्या निवडणुकीत आधीचा उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन याला बाजूला सारून टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन घेतला गेला, कारण दक्षिणेचा आणि दुसऱ्या पक्षाचा माणूस सोबत दिसायला हवा होता. हा जॉन्सन शपथविधीला दारूच्या अमलाखाली आला. सहा आठवड्यांत लिंकनचा खून झाला आणि यादवी युद्धानंतरची घडी बसवण्याचं काम याच माणसाकडे आलं. आठ अध्यक्ष पदावर असताना मेले, त्यांतले चार खुनानं. एवढ्यावर कुठल्याही शहाण्या पक्षानं निवडीची पद्धत बदलली असती. इथे कुणाला तसं सुचलं नाही.

बदललं ते आधी इतकंच, की निवडणारा कोण. १९४०मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टनं हेन्री वॉलेसच्या नावाचा हट्ट धरला. तो नसेल तर मीही उभा राहत नाही, असं पक्षाला सुनावलं. तेव्हापासून जोडीदार निवडणं हा हळूहळू उमेदवाराचा अधिकार मानला जाऊ लागला. पण पारख करण्याची जबाबदारी काही त्या अधिकारासोबत आली नाही.

ती आली १९७२च्या जुलैत, मायामी बीचवर, आणि चांगलीच नाक कापून आली. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्नला आदल्या रात्री उमेदवारी मिळाली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आत जोडीदाराचं नाव द्यायचं होतं. त्याला एडवर्ड केनेडी हवा होता. तो बधला नाही. वॉल्टर मॉन्डेल नको म्हणाला, इतरही काही जण नको म्हणाले. मुदत संपायला थोडी मिनिटं उरली असताना मिसुरीचा तरुण सिनेटर टॉमस ईगलटन याला फोन लावला गेला. तो लगेच तयार झाला. मॅकगव्हर्नचा सहकारी फ्रँक मॅन्किविझ यानं फोन हातात घेऊन अडचणीचं काही जुनं प्रकरण आहे का, असं विचारलं. ईगलटन म्हणाला, नाही. झाली छाननी! त्या रात्री प्रतिनिधींनी गंमत म्हणून टीव्ही मालिकेतल्या पात्रालाही उपाध्यक्षपदासाठी मतं दिली, आणि मॅकगव्हर्नला स्वीकाराचं भाषण करायला पहाटेचे जवळजवळ तीन वाजले.

दोन आठवड्यांत बिंग फुटलं. ईगलटन खिन्नतेच्या आजारासाठी तीनदा रुग्णालयात राहिला होता आणि दोनदा त्याला विजेचे झटके देऊन उपचार झाले होते. आपण हजार टक्के त्याच्या पाठीशी आहोत, असं मॅकगव्हर्न म्हणाला आणि काही दिवसांतच त्यानं ईगलटनला माघार घ्यायला लावली. ईगलटन पुढे १९८७पर्यंत सिनेटर म्हणून उत्तम काम करत राहिला, तेव्हा त्याच्या आजाराचा बाऊ जास्तच झाला असं माझं मत आहे. पण ज्याला जोडीदाराची माहिती काढता येत नाही तो देश काय चालवणार, हा सवाल मॅकगव्हर्नला चिकटला तो चिकटलाच. नोव्हेंबरमध्ये तो पन्नासपैकी ४९ राज्यांत हरला. पुढच्याच वर्षी सत्तेवरचा उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू राजीनामा देऊन गेला. मेरीलँडमधल्या पदांवर असल्यापासून पैसे खाल्ल्याचा आरोप त्याच्यावर होता, म्हणजे ते कुणी शोधलं असतं तर आधीच सापडलं असतं. आठ मृत्यूंनी जी अक्कल आली नाही, ती या दोन फजित्यांनी आणली.

१९७६मध्ये जिमी कार्टरला उमेदवारी लवकर पक्की झाल्यामुळे हाताशी वेळ होता. अटलांटाचा वकील चार्ल्स किर्बो याच्यावर त्यानं चौकशी सोपवली. प्रश्नावल्या गेल्या, पैशाचे आणि प्रकृतीचे कागद आले आणि काही जणांना जॉर्जियातल्या प्लेन्स या खेड्यात कार्टरच्या घरी बोलावणं गेलं. मॉन्डेल तिथे तयारी करून गेला. अध्यक्षपदाच्या शर्यतीतून त्यानं आधी अंग काढलं होतं ते हॉलिडे इनच्या खोल्यांत दोन वर्षं काढायची नाहीत म्हणून. आता कसे तयार झालात, असं विचारल्यावर तो म्हणाला, की त्या खोल्यांची आता नवी सजावट झाली आहे. पण प्लेन्सच्या भेटीत खरा विषय निघाला तो उपाध्यक्षानं नक्की करायचं काय, हा. निवडून आल्यावर मॉन्डेलला व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्येच खोली मिळाली, अध्यक्षासोबत दर आठवड्याला जेवण मिळालं. ही सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी निवड.

पुढच्यांनी त्यातली प्रश्नावली तेवढी उचलली. खुद्द मॉन्डेलनं १९८४मध्ये जेराल्डिन फेरारोला निवडलं आणि प्रचाराचे मोलाचे आठवडे फेरारोबाईंच्या यजमानांच्या आर्थिक व्यवहारांचे खुलासे करण्यात गेले. २०००मध्ये तर कहरच झाला. जॉर्ज बुशनं जोडीदार शोधायचं काम डिक चेनीकडे दिलं आणि शेवटी निवडलं चेनीलाच. त्याला तोवर तीनदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. शिवाय दोघेही टेक्सासचे रहिवासी. बाराव्या दुरुस्तीमुळे टेक्सासच्या निर्वाचकांना एकाच वेळी दोघांना मत देता आलं नसतं. चेनीनं जुलैत घाईनं आपलं नाव वायोमिंगच्या मतदार यादीत नेलं. २०२४मध्ये कमला हॅरिसना हे सारं दोन आठवड्यांत उरकावं लागलं.

या छाननीला कायद्याचा आधार मात्र कुठलाच नाही. अध्यक्षाला ज्या अटी आहेत त्याच घटना उपाध्यक्षाला लावते: जन्मानं अमेरिकी नागरिक, वय किमान ३५ आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. बाकीचे कागद इच्छुक आपणहून देतो, कारण त्याला पद हवं असतं.