जठराचा कर्करोग आणि मनाची व्यथा

जठराच्या कर्करोगाचे निदान झाले की एंडोस्कोपी, बायॉप्सी, शस्त्रक्रिया, केमोथेरपी या धावपळीत रुग्णाच्या मनाची विचारपूस मागे पडते. या रोगात तसे होण्यास एक खास कारण आहे. भूक मंदावणे, वजन घटणे, थकवा, झोप न लागणे ही या कर्करोगाची वा त्याच्या उपचारांची लक्षणे, तशीच नैराश्याचीही. साहजिकच ‘आजारात असे व्हायचेच’ असे समजून नैराश्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ इतर खुणाही बारकाईने तपासतात : कशातच आनंद न वाटणे, सततची हताशा, आपण घरच्यांवर भार झालो ही अपराधी भावना, जगणे नकोसे वाटणे.

जेवणाची धास्ती

जठराचा काही भाग वा संपूर्ण जठर काढल्यावर एका वेळी थोडेच खाता येते. काहींना जेवणानंतर धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा त्रास होतो. त्याला ‘डंपिंग सिंड्रोम’ म्हणतात. मग जेवणाचीच भीती बसते आणि लग्नकार्ये टाळली जातात. ‘आणखी दोन घास घ्या’ हा घरच्यांचा मायेचा आग्रहही जाचक ठरतो. काही घरांत रोगाचे नाव रुग्णापासून लपविले जाते. परंतु त्याला संशय येतोच आणि मन मोकळे करण्याची वाट बंद होते.

दिंडोशीच्या रुग्णाने परळचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) गाठायचे तर मालाड वा गोरेगावहून लोकलचा लांब प्रवास घडतो. त्यातच बुडालेली रजा आणि खर्चाची चिंता यांची भर पडते.

उपाय

न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली डॉ. जिमी हॉलंड यांनी कर्करुग्णांसाठी मानसोपचार सेवा उभी केली आणि या शाखेला दिशा मिळाली. आज ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ ही सोपी चाचणी वापरली जाते. गेल्या आठवड्यातील मानसिक त्रासाला रुग्ण ० ते १० गुण देतो. ४ वा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करणे इष्ट. समुपदेशन, विचारांना वळण लावणारी मानसोपचार पद्धती आणि गरजेनुसार औषधे यांनी आराम पडतो. काही औषधांनी झोप व भूकही सुधारते. टाटा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलला, तर ते हसण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आणि ‘किती जेवलात?’ या प्रश्नाआधी ‘आज कसे वाटते आहे?’ असे घरच्यांनी जरूर विचारावे.