मिसरोदच्या शेतात उतरलेला डबा

जुने फोटो आवरताना एका पांढऱ्या डब्याचा फोटो सापडला, म्हणून हे लिहितोय.

निवृत्तीनंतर आम्ही भोपाळजवळ मिसरोदला राहायला आलो, तेव्हा घरामागे सोयाबीनची शेतं होती. एका ऑगस्टमध्ये सकाळीच शेजारचा शेतकरी धापा टाकत आला. "साहब, खेत में कुछ गिरा है!" जाऊन पाहिलं तर फाटलेलं रबर, लांबच लांब दोरा आणि टोकाला थर्माकोलचा डबा. माणसं लांब उभी. कुणी म्हणे बॉम्ब, कुणी म्हणे गॅस. हसू नका. २-३ डिसेंबर १९८४ची रात्र ज्यांनी काढली, त्यांना हवेची भीती कुणी शिकवावी लागत नाही. त्या रात्री विषारी वायू थंड हवेसोबत जमिनीलगतच पसरत गेला होता.

डब्यावर हवामान खात्याचं नाव होतं. तो होता रेडिओसाँड. बैरागढच्या वेधशाळेतून फुग्याला बांधून असे डबे सोडतात. वर जाताना तापमान, दाब, आर्द्रता रेडिओवरून खाली कळवत राहतात. तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा, फार वर पूर्वेचा. त्यामुळे फुगा आधी पुढे जातो, मग मागे वळतो आणि कधीकधी जवळपासच पडतो.

पूर्वी असं नव्हतं. १९१४ साली आग्र्याला उच्च हवेची वेधशाळा निघाली, तेव्हा फुग्यासोबतचं यंत्र स्वतःच नोंद करायचं. ते सापडून परत आलं तरच आकडे हाती. म्हणून आणून देणाऱ्याला बक्षीस असे. म्हणजे ते शास्त्र गुराख्यांच्या प्रामाणिकपणावर चालायचं! अशाच नोंदी जुळवून के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये दाखवलं की, तेव्हा यंत्रं पोचत होती तेवढ्या उंचीत सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नाही, तर विषुववृत्तावर सुमारे १७ किलोमीटर उंचीवर आहे.

मी आयुष्यभर खातेवह्या तपासल्या. एका दिवसाची नोंद कुणी विचारत नाही, पण राहिली की ताळेबंद बसत नाही. हवेचंही तसंच. जगभर ठरलेल्या एकाच वेळी, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, या नोंदी घेतात. देशभरचे जुने आकडे आपल्या पुण्यात, शिवाजीनगरच्या हवामान कार्यालयात जपलेले आहेत.

हे सगळं मी बांधावर उभं राहून सांगितलं. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "तो ये हवा का हाल बताता है? उस रात किसी ने क्यों नहीं बताया?"

मला उत्तर देता आलं नाही. डबा शेतकऱ्याने खोपटात टांगून ठेवला.

तुमच्या घरात कुणी वेधशाळेत नोकरी केली असेल, तर आठवणी जरूर लिहा.